कॉर्न स्नेकच्या पिल्लाला काय, किती आणि कधी खायला द्यायचं

घरी आणलं तेव्हा ते पिल्लू ९ ग्रॅमचं होतं. हातात घेतलं तर वजन असं काही लागायचंच नाही. बोटांच्या बेचक्यातून गार, कोरडा गोफ सरकत गेल्यासारखं वाटायचं. मुलीने त्याचं नाव ठेवलं कणीस. कॉर्न स्नेकच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी असते, ती रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते. मक्याच्या कणगीत उंदरांच्या मागावर सापडायचा म्हणून 'कॉर्न स्नेक' हे नाव पडलं, असंही सांगतात. आम्ही राहतो त्या नॉर्थ कॅरोलिनात आणि एकूणच अमेरिकेच्या आग्नेय भागात हा साप रानात राहतो. बिनविषारी, शांत, पहिल्यांदा साप पाळणाऱ्याला झेपेल असा.

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. धामण, अजगर, दिवड, मांडूळ, कोणताही देशी साप घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी प्रजातींपैकीही ज्या त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात, त्यांची २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. अमेरिकेतही सगळीकडे मोकळीक नाही; हवाईत तर कोणताच साप पाळता येत नाही. तेव्हा पिल्लू आणण्याआधी आपल्या ठिकाणचा नियम बघा.

आता खाण्याकडे वळू. आपल्याकडे प्रेम म्हणजे वाढणं. 'अजून एक घे', 'एवढंसंच?' हे आपल्या तोंडात बसलेलं असतं. सापाच्या पिल्लाला हा आग्रह सोसत नाही. पोट भरलं म्हणून ते थांबेलच असं नाही. रानात पुढचं भक्ष्य कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून समोर आलेलं गिळायचं हीच त्याची रीत. त्यामुळे 'किती' हे त्याच्या भुकेवरून ठरवायचं नसतं, त्याच्या वजनावरून आणि जाडीवरून ठरवायचं असतं. आणि ते ठरवायचं आपण.

आधी काटा घ्या

साप आणायच्या आधी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. सोनार वापरतात तसा, पण साधा आणि स्वस्त चालतो. स्वयंपाकघरातला एकेका ग्रॅमने पुढे सरकणारा काटा ९ ग्रॅमच्या जिवाला उपयोगाचा नाही. काट्यावर झाकणाचा रिकामा डबा ठेवून आकडा शून्य करायचा, पिल्लू अलगद डब्यात सोडायचं, झाकण लावायचं आणि वाचायचं. आठवड्यातून एकदा, खाणं द्यायच्या आधी. खाल्ल्यावर वजन केलंत तर पोटातला उंदीरही मोजला जातो आणि पिल्लाला विनाकारण हाताळणं होतं.

विकत घेताना विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा: अंड्यातून बाहेर कधी आलं, स्वतःहून किती वेळा खाल्लंय, शेवटचं कधी खाल्लं, आणि गोठवलेले उंदीर खातं की जिवंत. अंड्यातून आल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांनी पिल्लू पहिली कात टाकतं. तोवर पोटातल्या उरलेल्या बलकावर त्याचं भागतं, ते खात नाही. म्हणून नुकतंच जन्मलेलं, एकदाही न खाल्लेलं पिल्लू नवख्याने घेऊ नये. लागोपाठ चार-पाच वेळा गोठवलेली पिंकी, म्हणजे उंदराचं नवजात पिल्लू, खाल्लेलं पिल्लूच मागा.

काय द्यायचं

उंदीर, तोही अख्खा. कोंबडीचा तुकडा नाही, खिमा नाही, किडे नाहीत. अख्ख्या उंदरात मांस, हाडं, यकृत असं सगळं मिळतं, कॅल्शियमची पावडर वेगळी लावावी लागत नाही. आमच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "अगं, दूध नाही का घालत याला?" नागपंचमीच्या वाटीची आठवण मलाही आहे. पण सापाला दूध पचत नाही. गारुडी सापाला दिवसेंदिवस तहानलेलं ठेवतात म्हणून तो जे समोर येईल ते पितो. पाळलेल्या सापाला स्वच्छ पाण्याची वाटी पुरते, पाणी रोज बदलायचं.

उंदरांची पिल्लं वयानुसार वेगवेगळ्या नावांनी मिळतात. पिंकी म्हणजे नवजात, केस नसलेलं, डोळे मिटलेलं गुलाबी पिल्लू, १ ते ३ ग्रॅमचं. फझी म्हणजे अंगावर लव आलेलं, साधारण ३ ते ६ ग्रॅमचं. हॉपर म्हणजे डोळे उघडून उड्या मारायला लागलेलं, ७ ते १२ ग्रॅमचं. त्यापुढे दूध सुटलेलं पिल्लू आणि मग मोठा उंदीर, २० ते ३० ग्रॅमचा. विकणाऱ्यागणिक ही मापं मागेपुढे होतात, त्यामुळे पाकिटावरच्या नावावर न जाता उंदीरही काट्यावर ठेवा.

मी नेहमी गोठवलेलेच उंदीर घेते. जिवंत पिंकी काही इजा करू शकत नाही हे खरं, पण आज जिवंत खायची सवय लागली तर वर्षभराने समोर दात असलेला मोठा उंदीर येतो. तो सापाला चावतो, डोळा फोडू शकतो, आणि साप भुकेला नसेल तर रात्रभर त्याला कुरतडत बसतो. उंदराचेही हाल होतात.

माप कसं ठरवायचं

दोन मापं आहेत, दोन्ही एकमेकांना ताडून बघायची.

पहिलं डोळ्यांचं. पिल्लाच्या शरीराचा सगळ्यात जाड भाग बघा. तो डोक्याचा नव्हे, धडाच्या मध्यावरचा. उंदराची जाडी त्याच्याइतकी किंवा फार तर दीडपट असावी. डोकं बघून अंदाज बांधू नका, कारण सापाचा जबडा डोक्याच्या मानाने खूपच मोठा उघडतो. गिळता येणं वेगळं आणि पचणं वेगळं.

दुसरं वजनाचं. वाढत्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. २० ग्रॅमच्या पिल्लाला २ ते ३ ग्रॅम. अगदी तान्ह्या, ६-७ ग्रॅमच्या पिल्लाच्या बाबतीत हा हिशेब थोडा सैल होतो. सगळ्यात लहान पिंकीच १ ते दीड ग्रॅमची असते, म्हणजे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. तेवढं चालतं, कारण पिंकीचं अंग मऊ असतं, हाडं कोवळी असतात आणि केस नसतात.

साधारण असं बसवायचं. १५ ग्रॅमपर्यंत एक पिंकी, दर ५-६ दिवसांनी. १५ ते २५ ग्रॅमच्या दरम्यान मोठी पिंकी, किंवा एका वेळी दोन लहान. २५-३० ग्रॅमच्या पुढे छोटी फझी. ५० ग्रॅम ओलांडल्यावर छोटे हॉपर आणि अंतर सात दिवसांचं. १०० ग्रॅमच्या पुढे १२-१५ ग्रॅमचा उंदीर, ७ ते १० दिवसांनी. पूर्ण वाढलेल्या सापाला १० ते १४ दिवसांतून एक मोठा उंदीर पुरतो, तेव्हा प्रमाण वजनाच्या ५-७ टक्क्यांवर उतरलेलं असतं. वय वाढतं तसं प्रमाण कमी होतं आणि अंतर वाढतं, हे ध्यानात ठेवलंत तर अधले-मधले आकडे तुमचे तुम्हाला काढता येतील.

माप बरोबर होतं की नाही हे खाल्ल्यानंतर साप स्वतः दाखवतो. पोटाच्या मध्यावर हलका फुगवटा यावा आणि तो एक-दोन दिवसांत विरून जावा. फुगवटा आलाच नाही तर पुढच्या वेळी थोडं मोठं द्या. फुगवट्यावरची खवलं एकमेकांपासून लांब जाऊन मधली कातडी ताणलेली दिसत असेल आणि तिसऱ्या दिवशीही गाठ तशीच असेल, तर माप चुकलं.

माझी चूक

माझं माप एकदा असंच चुकलं होतं. जिथून पिल्लू घेतलं तिथल्या माणसाने सांगितलं होतं, "खातंय तोवर देत राहा, लवकर मोठं होईल." कणीस तेव्हा १३ ग्रॅमचं होतं. पिंकी संपल्या होत्या, फ्रीझरमध्ये फझी होती, काट्यावर ५ ग्रॅम भरली. मला वाटलं, एकदा पोटभर खाईल. त्याने ती गिळली, वीसेक मिनिटं लागली, आणि मला समाधान वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी घरी पाहुणे आले, मुलांनी आग्रह केला म्हणून मुलीने त्याला दहा मिनिटं हातात घेतलं. रात्री अकराच्या सुमाराला त्याला ठेवलेल्या टबमधून आंबूस, कुजका वास यायला लागला. फझी पूर्ण आकारात बाहेर पडली होती, पुढचा भाग पांढरट, लिबलिबीत झालेला, लव अंगाला चिकटलेली. कणीस कोपऱ्यात जबडा किंचित उघडा ठेवून पडलं होतं. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून लवकर गेलं नाही.

हिशेब केला तेव्हा कळलं, मी त्याला त्याच्या वजनाच्या ३८ टक्के खायला घातलं होतं. त्यात चोवीस तासांच्या आत हाताळलं.

सापाने असं खाणं बाहेर टाकलं की त्याबरोबर पोटातलं आम्ल जातं, अन्ननलिका भाजते, आतड्यातला पचनाला लागणारा जिवाणूंचा मेळ बिघडतो. अशा वेळी 'बिचारं उपाशी राहिलं' म्हणून दुसऱ्याच दिवशी पुन्हा खायला घालणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. पिल्लं बहुतेक वेळा त्या दुसऱ्या-तिसऱ्या उलटीने जातात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन आठवडे काहीही द्यायचं नाही असं सांगितलं. टब धुतला, पाणी बदललं, तापमान तपासलं आणि हात लावला नाही. ते चौदा दिवस मला जड गेले. वजन १२ ग्रॅमवर आलं. पंधराव्या दिवशी सगळ्यात लहान पिंकी, सव्वा ग्रॅमची, पाठीवर ब्लेडने दोन बारीक चिरा देऊन, म्हणजे पाचक रस लवकर आत जातो. ती राहिली. पुढची सात दिवसांनी, तीही तेवढीच. तिसऱ्या वेळी नेहमीचं माप.

एकदा असं झालं तर थांबा आणि कारण शोधा: मोठं भक्ष्य, लवकर हाताळणं, कमी तापमान. लागोपाठ दोनदा झालं तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा, आतड्यात परजीवी असू शकतात.

खाण्याच्या दिवशी

सुरुवात उबेपासून. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही. टबची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ८२ ते ८६ फॅरनहाइट, आणि दुसरी २२ ते २४ अंश हवी. ऊब देणाऱ्या हीट मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र, लावलेला असलाच पाहिजे, नाहीतर मॅट पिल्लाला भाजते. काचेला चिकटवायच्या गोल तापमापकावर विसंबू नका. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या आणि सेन्सर मॅटच्या वर, साप बसतो त्या जागी ठेवा. ऊब नसेल तर योग्य मापाची पिंकीसुद्धा पोटात सडते.

उंदीर आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून झाकणाच्या डब्यात खाली फ्रीजमध्ये ठेवा. पिंकी असेल तर काही तासही पुरतात. मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्याच्या भांड्यात पंधरा-वीस मिनिटं. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम, उकळतं नाही. मायक्रोवेव्ह कधीच नको. एक बाजू शिजते, दुसरी गोठलेली राहते आणि पोट फुटतं. तयार झालं की नाही हे पोट चिमटीत दाबून बघायचं: मध्ये खडा लागला तर अजून बर्फ आहे. वरून ऊबदार, आतून गार असा उंदीर गिळला तर तोही उलटून पडतो. शेवटी कागदी टॉवेलने कोरडा करा, म्हणजे टबमध्ये अंथरलेला भुसा चिकटणार नाही. एकदा वितळवलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही.

आमचं घर शाकाहारी. म्हणून या सगळ्याची भांडी, पिशव्या, चिमटा, कात्री वेगळी आणि फ्रीझरही वेगळा, गराजमधला छोटा. तुमच्याकडे मांसाहार होत असेल तरीसुद्धा हेच करा. गोठवलेल्या उंदरांत साल्मोनेला असू शकतो आणि गोठवल्याने तो मरत नाही. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था याबद्दल पुन्हा पुन्हा बजावत असते. स्वयंपाकाच्या ओट्यावर, बेसिनमध्ये हे काम करू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना सापापासून व उंदरांपासून दूरच ठेवा. नंतर साबणाने हात धुवायचे, आधीही धुवायचे. बोटांना उंदराचा वास असेल तर बोट हेच भक्ष्य ठरतं.

खाणं संध्याकाळी, दिवे मंद करून द्या. लांब चिमट्यात उंदराची पाठ धरायची आणि डोकं सापाकडे ठेवून दोन-तीन इंचांवर हळूच हलवायचं. थेट तोंडाशी नेलं तर पिल्लू बिचकतं. कणीस आधी स्थिर होतं. जीभ बाहेर येते, सावकाश, लांब. मान मागे जाऊन इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. मग एवढ्या झटक्यात झेप, की डोळ्याला फक्त आधीचं आणि नंतरचं दिसतं. पिंकीला दोन वेढे पडलेले असतात. थोड्या वेळाने वेढे सुटतात, ते डोकं शोधतं आणि जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी पुढे, असं भक्ष्यावरून चालत गेल्यासारखं गिळतं. शेवटी दोन-तीन मोठ्या जांभया देऊन जबडा जागेवर बसवतं. तोवर श्वास रोखून बसा, फोटोसाठी वाकू नका. घाबरलेलं पिल्लू अर्धं गिळलेलं टाकून देतं.

काही पिल्लं चिमट्यातून घेतच नाहीत. त्यांच्यापुढे छोट्या सपाट झाकणावर पिंकी ठेवून निघून जायचं. सकाळी उरलेली असेल तर फेकून द्यायची.

त्यानंतर निदान ४८ तास हात लावायचा नाही. फुगवटा दिसतोय तोवर नाहीच.

खाल्लं नाही तर

नवीन घरी आल्यावर पहिले ५ ते ७ दिवस पिल्लाला एकटं सोडा, मगच पहिली पिंकी. या दिवसांत हाताळणं बंद. दोन्ही बाजूंना अंग घट्ट बसेल अशी लपायची जागा हवी. उघड्यावर पडलेलं पिल्लू खात नाही.

डोळे निळसर-दुधी झाले आणि रंग मळका पडला म्हणजे कात यायची आहे. अशा वेळी बहुतेक पिल्लं तोंड फिरवतात. कात पडेपर्यंत थांबा, दुसऱ्या दिवशी हमखास भूक असते.

एकदा नाकारलं तर उद्या पुन्हा, परवा पुन्हा असं मागे लागू नका. ५-६ दिवस जाऊ द्या. मग क्रमाने बघा: तापमान ठीक आहे का, उंदराचं डोकं पुरेसं ऊबदार होतं का. पुढची पायरी म्हणजे हवेला भोकं असलेल्या छोट्या डब्यात कागदी टॉवेल घालून पिल्लू आणि पिंकी रात्रभर एकत्र ठेवणं. अंधारी, चिंचोळी जागा त्याला धीर देते. तो डबा टबमध्ये ठेवा, पण मॅटवर नाही. तरीही नाही जमलं तर पिंकीच्या डोक्याला सुईने छिद्र पाडून आतला द्रव थोडा बाहेर काढतात. वास तीव्र होतो. ऐकायला निर्दय वाटतं, पण उंदीर आधीच मेलेला असतो आणि पुष्कळ हट्टी पिल्लं यावर खायला लागतात. रानात कॉर्न स्नेकची पिल्लं सरडे आणि झाडावरचे बेडूकही खातात, म्हणून अनुभवी लोक पिंकीला सरड्याचा वास लावतात. रानातला सरडा पकडून थेट खायला मात्र घालू नका, परजीवी येतात.

वजन १० टक्क्यांनी उतरलं, किंवा तान्ह्या पिल्लाने लागोपाठ चार वेळा नाकारलं, तर डॉक्टर. तोंड उघडून जबरदस्तीने भरवणं घरी करायचं काम नाही. नाजूक जबडा मोडतो.

बारीक की लठ्ठ

सापाचा आडवा छेद मनात आणा: तळाला सपाट, वरून गोलसर, पावाच्या लादीसारखा. पाठीचा कणा बोटाला लागावा पण धारेसारखा वर आलेला नसावा. कणा टोचायला लागला, कडेची कातडी सैल घडी घालायला लागली तर खाणं कमी पडतंय. उलट, अंग नळकांड्यासारखं गोल, शेपटीच्या आधी चरबीचे उंचवटे, वाकल्यावर वळ्या आणि खवलांमधून सतत दिसणारी कातडी, म्हणजे जास्त होतंय. पाळीव सापांत जास्तीचंच प्रमाण अधिक दिसतं. लवकर वाढवायचं म्हणून तीन-तीन दिवसांनी खाऊ घालणारे लोक आहेत. अशा सापांच्या यकृतात चरबी साठते. माझ्या मते हा छळच आहे, मग तो कितीही प्रेमाने केलेला असो. लठ्ठ साप दिसला तर एकदम उपाशी ठेवू नका; माप तेच ठेवून दोन खाण्यांमधलं अंतर वाढवा.

कणीसची एक वही आहे. तारीख, सापाचं वजन, उंदराचं वजन, खाल्लं की नाही, विष्ठा, कात. मुलीने रकाने आखलेत. खाल्ल्यावर साधारण तीन-चार दिवसांनी पहिली विष्ठा दिसते, त्यातला पांढरा भाग म्हणजे मूत्राम्ल, त्याला घाबरू नका.

परवा वजन २८ ग्रॅम भरलं. फझ्यांच्या पाकिटातून सगळ्यात लहान शोधली, साडेतीन ग्रॅमची, म्हणजे साडेबारा टक्के. धडाशेजारी धरून बघितली, जाडी सव्वापट. त्या पहिल्या उलटीनंतर फझी हातात घेताना माझा हात अजून थोडा थरथरतो, म्हणून चिमटा मुलीने धरला. सहा मिनिटांत गिळली. दुसऱ्या दिवशी फुगवटा शेपटीकडे सरकलेला होता, तिसऱ्या दिवशी दिसेना. वहीत त्या ओळीपुढे तिने लिहिलंय, 'फझी १. ठीक.'